तीनशे माणसांचं जेवण

गॅप सर्टिफिकेटसाठी स्टॅम्पपेपरवर कारण लिहावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. सेतू केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसानं विचारलं, "डिग्री होऊन किती वर्षं झाली?" मी म्हटलं, दहा. त्यानं मान वर न करता टाइप केलं, 'घरगुती कारणास्तव'. मला राग आला. दहा वर्षं माझी, आणि दोन शब्दांत उरकली! पण मी तरी दुसरं काय सांगणार होते? लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, महापूर, बुडालेलं दुकान पुन्हा उभं करणं, आणि मग राजारामपुरीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडं रिसेप्शनवर नोकरी. सगळं घरगुतीच की. "ऱ्हाऊ दे तेच," मी म्हटलं आणि सही केली.

मला एमएसडब्ल्यूला प्रवेश हवा होता. समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. वय बत्तीस, मुलगी दुसरीत, आणि माझ्या मार्कशीटवर अजून माहेरचं नाव. क्लिनिकमध्ये मी केसपेपर भरायची. नाव, वय, कसं लागलं. एक बाई वर्षभरात तीनदा आली, तीनदा मनगटाला प्लॅस्टर, आणि तिन्ही वेळा मी तिनं सांगितलं तसंच लिहिलं, 'बाथरूममध्ये पाय घसरला'. डॉक्टर एक्स-रे बघायचे, मी कागद बघायची. तिसऱ्या वेळी ती गेल्यावर मला खुर्चीवर बसवेना. पाणी प्यायला उठले, दारापर्यंत गेले, परत आले. शिकल्याशिवाय आपल्याला ह्यात काही करता यायचं नाही, एवढंच त्या दिवशी डोक्यात बसलं आणि मग ते काही केल्या उठेना.

आदल्या वर्षी मी फॉर्म भरला होता आणि प्रवेश परीक्षेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी बसले होते. पोट दुखत नव्हतं. ह्या वर्षी पुन्हा विषय काढला तेव्हा नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून पहिली पाळी करून आला होता. त्यानं जेवताना आईकडं बघितलं. आमच्या घरात शेवटचा शब्द अव्वांचा. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या सीमेकडच्या, त्यामुळं आईला अव्वा म्हणायची घरची रीत, आणि सून आल्यावर तीही अव्वाच म्हणायला लागली. भांडण मराठीत करतात, पण बेरीज कन्नडमधून.

"कर," अव्वा म्हणाल्या. "ह्या वक्ताला कर. झालं तर पोरगीला दोन वर्सं मी सांभाळतो. न्हाय झालं तर पुन्हा त्याचं नाव काढायचं न्हाय. दरसाल हा खेळ नको."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात, त्यात अव्वांचा आवाज असला की निकाल लागल्यासारखाच वाटतो.

परीक्षा झाली, बरी गेली. मुलाखतीसाठी कागद गोळा करायला लागले तेव्हा कळलं, की 'समाजकार्याचा अनुभव असल्यास प्रमाणपत्र जोडावे' अशी एक ओळ आहे, आणि त्या अनुभवाला गुण आहेत. माझ्यापाशी अनुभव म्हणून काय होतं? दहा वर्षं घरगुती. मी फाइल उघडायची, मिटायची. झेरॉक्सचे गठ्ठे एकदा तारखेनं लावायची, एकदा आकारानं. नवरा म्हणाला, "पायाला भिंगरी लागलीया का तुझ्या? बस की जरा." बसले की गुडघा आपोआप हलायचा.

शेवटी गल्लीतल्या तालमीत गेले. कोल्हापुरात असल्या वेळी माणूस तालमीतच जातो. आखाड्यात माती किती आणि मल्ल किती ते सोडा, पण तालमीला लेटरहेड असतं, गोल शिक्का असतो आणि सेक्रेटरी असतो. रहिवासी असल्याचं पत्र, वर्तणूक चांगली असल्याचं पत्र, मुलाला शाळेत घ्या म्हणून पत्र, सगळं तिथं मिळतं. आमचे सेक्रेटरी एका दुचाकीच्या शोरूममध्ये कामाला आणि संध्याकाळी तालमीत.

"वहिनी, एवढंच व्हय?" ते म्हणाले. "आवो, असली पत्रं तयारच हाईत. नाव घालायचं आन शिक्का मारायचा. बसा, चा घ्या."

चहा संपायच्या आत पत्र हातात आलं. 'सदर व्यक्तीने महापुराच्या काळात अहोरात्र झटून तीनशे पूरग्रस्तांच्या भोजनाची व्यवस्था स्वतः उभे राहून केली. सदर व्यक्ती मनमिळाऊ, कष्टाळू व निर्व्यसनी आहे.' वाचून मला हसू आलं. निर्व्यसनी तर मी होतेच. पण वरची ओळ दुसऱ्यांदा वाचली आणि हसू जागच्या जागी राहिलं.

"सेक्रेटरी, पुरात मी कुठं वाढायला होते?"

"आता त्यात काय एवढं? सगळ्यांनीच केलं की काय ना काय. कोण बघायला येतंय, वहिनी?"

खरं सांगायचं तर त्या महापुरात मी जेवण वाढत नव्हते, घेत होते. आमचं घर गल्लीच्या उतारावर, नदीच्या अंगाला. पुढं भुसारी दुकान, मागं आम्ही. पाणी रात्रीत उंबऱ्याला लागलं आणि सकाळी गुडघ्याला. आजऱ्याहून आणलेल्या घनसाळ तांदळाची पोती फुगून शिवणीत उसवली. आम्हाला बोटीनं काढलं आणि उंचावरच्या एका शाळेत नेऊन सोडलं. चौथीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली, नऊ दिवस. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. "पावणं, ताट धरा सरळ," असं कोणीतरी ओरडायचं आणि खिचडी पडायची. मी रांगेत ताट धरून उभी असायची. माझ्या बापाच्या घरी मी कधी कुणापुढं ताट धरलं नव्हतं, आणि सासरी तर दारात आलेल्याला पसाभर धान्य द्यायची माझीच पाळी असायची. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून ताट पुढं केलं, दुसऱ्या दिवशी सरळ. सवय लागायला एक दिवस पुरतो, ह्याची मला अजून लाज वाटते.

अव्वा तीन दिवस जेवल्या नाहीत. पाणीसुद्धा घोटभर, तेही मी गळ्यात पडले म्हणून. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग आहे. अंघोळ करून पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत, आणि तिथं अंघोळ कुठली? शिवाय मानी बाई. साड्या वाटायला लोक आले, बरोबर फोटोवाला आला, तेव्हा त्यांनी पदर असा ओढून घेतला की हनुवटीच तेवढी दिसत होती. तिसऱ्या दिवशी चक्कर आली. चौथ्या दिवशी शाळेतल्या शिपाईबाईंनी बायकांना कपडे बदलायला म्हणून शिक्षिकांच्या खोलीची किल्ली आणून दिली, जरा हलकं वाटलं सगळ्यांना, आणि त्याच दुपारी अव्वा आपण होऊन रांगेत माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. नवरा मला हळूच म्हणाला, "भुकेपुढं मान बी वाकतीया बघ." मलाही तसंच वाटलं.

पाणी उतरलं, आम्ही घरी आलो, चिखल काढला. आणि अव्वांनी गावाला, नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना एकच सांगितलं, "पुरात आमी राजारामपुरीत पावण्यांकडं होतो. दुसऱ्या मजल्यावर." राजारामपुरीत आमचं कुणी नाही. पण त्यांनी इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे सांगितलं की पुढं पुढं त्या घराची गॅलरीसुद्धा मला दिसायला लागली. घरात आम्ही कुणीच तो विषय काढत नव्हतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर तालमीचं पत्र मी घरी आणलं आणि नको तिथं ठेवलं, टीव्हीवर. अव्वांनी मुलीकडून ते वाचून घेतलं. अडखळत, काना-मात्रा चुकवत तिनं वाचलं आणि अव्वांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी दुकानात डाळ न्यायला आलेल्या बाईला त्या सांगत होत्या, "आमच्या सुनंनं पुरात तीनशे माणसं जेवू घातली. तालमीनं लिहून दिलंय." मी आतून ऐकलं. पत्र फाडून टाकावं असं तेव्हा वाटत होतं, पण आता फाडलं तर त्यांची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरीच कोसळणार होती. मी पत्र फाइलमध्ये लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मुलाखतीच्या आदल्या दिवसापर्यंत मी ते चार वेळा काढलं आणि पाच वेळा लावलं, म्हणजे शेवटी ते आतच राहिलं.

मुलाखतीच्या दिवशी सिटी बस वेळेवर आली आणि मी तासभर आधी पोचले. बाहेरच्या बाकावर सगळी बावीस-तेवीसची मुलं. एकानं मला "मॅडम, फाइल इथंच जमा करायची का?" असं विचारलं. मी म्हटलं, मलाही माहीत नाही बाळा. तो ओशाळला आणि मीही. मग मी उठून पाण्याच्या कुलरपर्यंत गेले, नोटीस बोर्ड वाचला, पुन्हा कुलरपर्यंत गेले. नाव पुकारलं तेव्हा मी चुकून बोर्डाकडंच तोंड करून उभी होते.

आत तिघं होते. एक वयस्कर सर, एक लॅपटॉप घेतलेले तरुण सर, आणि पिकल्या केसांच्या एक मॅडम. सुरुवातीचं बरं गेलं. हाच अभ्यासक्रम का? मी क्लिनिकचं सांगितलं, प्लॅस्टरचं सांगितलं. मग वयस्कर सरांनी फाइल चाळली, एका पानावर थांबले आणि मोठ्यानं हसले.

"तुमच्या तालमीचं कौतुक केलं पाहिजे. आज सकाळपासून हे तिसरं पत्र. तिघांनी तीनशे-तीनशे माणसं जेवू घातली. एका अक्षराचाही फरक नाही."

तरुण सरही हसले. मीपण हसले, कारण दुसरं काय करतात ते सुचेना. कान तापले. सेक्रेटरींचा चहा आठवला आणि त्यांचा असा राग आला की काय सांगू, त्याहून जास्त माझा.

मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "वाढताना सगळ्यात जास्त अडचण कशाची आली?"

मी उत्तर देऊ शकले असते. भांडी कमी पडली, गॅस संपला, रांग आवरेना. नऊ दिवस समोरून बघितलं होतं सगळं. आणि एवढं साधं खोटं बोलले तर कदाचित प्रवेशही मिळाला असता. नाही मिळाला तर अव्वांचा शब्द होता, पुन्हा नाव काढायचं नाही. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मॅडम, मी वाढलं नाही. मी रांगेत होते. ताट घेऊन."

मॅडम म्हणाल्या, "सांगा." मी सांगत सुटले. पाढ्यांचा तक्ता, साड्या, फोटोवाला, पदर, बिस्किटांचे पुडे एवढे आले की शेवटी उशाला घेतले, आणि एक बादली मात्र कुणी दिली नाही. बोलता बोलता अव्वाही बाहेर आल्या. म्हटलं, माझ्या सासूबाई तीन दिवस उपाशी राहिल्या, पाणीसुद्धा घोटभरच प्यायल्या.

"का?"

"मानापायी. आणि पूजा झाल्याशिवाय त्या जेवत नाहीत."

"असं त्या म्हणाल्या?"

"म्हणाल्या नाहीत. आम्हाला कळत होतं की."

"पण विचारलं होतंत का त्यांना?"

असलं कुणी सासूला विचारतं होय? नवऱ्यानं विचारलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, आणि नंतर तर राजारामपुरीच्या गॅलरीनं सगळंच बंद करून टाकलं होतं. "नाही," मी म्हटलं. मॅडमनी काहीतरी लिहिलं. या तुम्ही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी तालमीचं पत्र मागून घेतलं. वयस्कर सरांनी ते मुकाट्यानं काढून दिलं.

घरी आले तर अव्वा दुकानाच्या पायरीवर वाट बघत होत्या. "काय इचारलं? पुराचं सांगितलंस का?"

"सांगितलं," मी म्हटलं. आणि मग लपवायची ताकदच उरली नव्हती. "खरं सांगितलं, अव्वा. शाळेत होतो ते. रांगेचं. तुमचंही."

अव्वा उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात दोघींमध्ये मुलगी बोलायची. "आईला सांग, भाकरी झाली." "अज्जीला सांग, दूध आलं." नवरा दोन्हीकडं बघायचा आणि पाळीला लवकर निघायचा. मी क्लिनिकमध्ये दर दहा मिनिटांनी मोबाइलवर यादी बघायची. यादी पाचव्या दिवशी लागणार असं सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवसापासून बघत होते. मॅडमचा प्रश्न चपलेत खडा शिरल्यासारखा बोचत होता. दोनदा विचारायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि मीठ घेऊन परत आले.

पाचव्या दिवशी दुपारी यादी लागली. खालून तिसरं नाव माझं. माहेरचं. मी तीन वेळा वाचलं, डॉक्टरांना सांगून लवकर निघाले आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की मला आनंद पुरता होतच नाहीये. प्रवेश मिळाला होता, पण मुलीला सांभाळायचं ज्यांनी कबूल केलं होतं त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

अव्वा मागच्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले. मुलगी शाळेत होती, त्यामुळं मध्ये बोलायला कुणी नव्हतं.

"नाव लागलं," मी म्हटलं.

"बरं झालं." शेंगा फुटतच होत्या.

"अव्वा, एक विचारू? त्या शाळेत तुम्ही तीन दिवस का जेवला नाहीत?"

हात थांबले. मला वाटलं, आता उठून जाणार. आता पोरगीचंही तुझं तू बघ म्हणणार.

"वर्गांच्या टोकाला दोन संडास व्हते," अव्वा म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, शेंगांच्या सुपाकडं बघून. "एकाला कडी न्हाय. दुसऱ्याच्या दारात सकाळधरनं गड्यांची रांग. पोटात काय घातलं तर जावं लागंल. म्हणून घातलं न्हाय. पानी बी न्हाय."

"आणि पूजा?"

"पूजा मनात करत व्हतो की. देवाला काय, त्यो चालवून घेतोय. मानसाचं तसं न्हाय." त्यांनी एक शेंग उचलली, तशीच धरून ठेवली. "चौथ्या दिशी त्या शिपाईबाईनं मास्तरणींच्या खोलीची किल्ली दिली. आत संडास व्हता, आतनं कडी. त्या दिशी जेवलो का न्हाय मी?"

जेवल्या होत्या. माझ्या मागंच उभ्या होत्या ताट घेऊन, आणि भुकेपुढं मान वाकली असं म्हणून आम्ही नवरा-बायको कौतुकानं एकमेकांकडं बघितलं होतं. नऊ दिवस माझी सतरंजी त्यांच्या सतरंजीला लागून होती. रात्री त्या कूस बदलायच्या तेव्हा मला धक्का लागायचा.

"मला सांगायचं होतंत, अव्वा," मी म्हटलं. रडू येत होतं आणि रागही येत होता. "मी दारात उभी राहिले असते की."

"इचारलंस कुठं?" अव्वा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि सूप माझ्याकडं सरकवलं म्हणून मीही एक मूठ घेतली.

मग त्या म्हणाल्या, "कॉलेज कितीला सुटतंय तुझं?"